मेळघाटातील कोरकू आणि समुद्रापलीकडची पितृवंशरेषा

धारणी तालुक्यातील आमच्या गावात कोरकू आणि मराठी या दोन्ही भाषा रोज कानांवर पडतात. परंतु कोरकू ही मध्य व पूर्व भारतातील आदिवासी समाजांच्या मुंडा भाषांपैकी सर्वांत पश्चिमेकडे बोलली जाणारी भाषा असून कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामी या भाषा तिच्याच विस्तृत ऑस्ट्रोआशियाई कुळातील आहेत, हे आमच्या मुलांना कोणी सांगत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते आणि त्यात क्वचित होणारे बदल पुढील पिढ्यांत टिकून राहत असल्यामुळे पितृवंशाचा माग काढता येतो. मुंडाभाषक समाजांतील पुरुषांमध्ये आग्नेय आशियाशी नाते सांगणारी ओ-एम९५ ही वंशरेषा मोठ्या प्रमाणात आढळते, तर आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए जवळपास संपूर्णपणे भारतीय उपखंडातीलच आहे. याचा अर्थ, आग्नेय आशियातून इथे आलेल्यांमध्ये प्रामुख्याने पुरुष होते आणि त्यांनी इथल्याच स्त्रियांशी संसार थाटले.

फेलिक्स राऊ आणि पॉल सिडवेल या भाषाशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये असे मांडले की, मुंडाभाषकांचे हे पूर्वज सुमारे ४००० ते ३५०० वर्षांपूर्वी समुद्रमार्गे ओडिशातील महानदीच्या मुखप्रदेशात उतरले. ईशान्येकडील खुष्कीचा मार्ग मानणारे अभ्यासकही आहेत. मला मात्र समुद्रमार्गच अधिक पटतो, कारण बहुतांशी पुरुषांचाच गट येणे हे कुटुंबकबिल्यासह सरकत जाणाऱ्या शेतकऱ्यांपेक्षा नावाड्यांच्या प्रवासाशी अधिक जुळते. तिथून सातपुड्यापर्यंतची वाटचाल पुढे कित्येक पिढ्यांनी केली असणार.