ब्रिटिश म्युझियममधलं होनोरियसचं सोन्याचं नाणं

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बहुतेक गर्दी रोझेटा स्टोन नाहीतर ममीजकडे पळते, मी सरळ वरच्या मजल्यावर 49 नंबरच्या रूममध्ये गेले, हॉक्सनचा खजिना बघायला. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या सफोक भागातल्या एका शेतात एक गृहस्थ मेटल डिटेक्टर घेऊन मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते आणि हाती लागलं हे घबाड, जवळपास पंधरा हजार रोमन नाणी, दागिने, चांदीचे चमचे! त्यांनी सगळं उपसून न काढता लगेच कळवलं म्हणून बाकीचं पुरातत्त्ववाल्यांना नीट खणून काढता आलं, याचं मला खरंच फार कौतुक वाटतं.

त्यात पाचशेच्या वर सोन्याची नाणी आहेत, सॉलिडस म्हणतात त्यांना. आकार साधारण आपल्या रुपयाएवढा, वजन साडेचार ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याला जरा कमीच. रोमन सम्राट होनोरियसच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा, डोक्याला मोत्यांची पट्टी, आणि मागे तोच उभा, एका हातात निशाण, दुसऱ्या हातात छोटी विजयदेवता आणि पायाखाली चिरडलेला कैदी. बाजूला एम आणि डी ही अक्षरं, म्हणजे मेडिओलानम, आजच्या मिलानची टांकसाळ. दहा वर्षांचा असताना या पोराच्या गळ्यात पश्चिम रोमन साम्राज्याचं अख्खं राज्य पडलं, 402 मध्ये गॉथ टोळ्यांचा राजा अलारिक याच्या भीतीने दरबार मिलानहून राव्हेन्नाला हलवावा लागला, 410 मध्ये रोम लुटलं गेलं, आणि नाण्यावर मात्र विजयच विजय.

पण मला भिडलं ते सोनं. आधीच्या सम्राट कॉन्स्टंटाइनने एका रोमन पौंड वजनाच्या सोन्यात 72 नाणी असा हिशोब घालून दिला होता, तो शंभर वर्षांनीही, राज्य कोसळत असताना, पाळलेला दिसतो. शेजारची चांदीची नाणी बघा, बहुतेकांच्या कडा कातरलेल्या, कारण ब्रिटनला नवीन नाणी यायची बंद झाली तसे लोक आहे त्यातूनच चांदी काढत राहिले. सोन्याला तसा हात लावलेला नाही.

आणि हो, तिथेच एका रोमन बाईच्या आकाराची चांदीची मिरपूडदाणी आहे, ती अजिबात चुकवू नका, तळाशी फिरणारी चकती आहे, एकदा फिरवली की मिरपूड भरायची, परत फिरवली की भुरभुरायची, आणि तेव्हाची मिरी जायची आपल्या मलबारहून. म्युझियमला तिकीट नाही, फक्त सकाळी लवकर जा.