सांधा दिसणारे शेवट

नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या ‘अ डॉल्स हाउस’मधली नोरा अखेरीस नवरा आणि मुले सोडून निघून जाते आणि खालचे दार लागल्याचा आवाज येतो, एवढे ते नाटक न वाचलेल्यांनाही ठाऊक असते. अनंत काणेकरांनी ते ‘घरकुल’ या नावाने मराठीत आणले होते. परंतु हीच नोरा जर्मनीतल्या काही प्रयोगांत घरातच राहिली, आणि तिला घरात ठेवणारे संवाद खुद्द इब्सेननेच लिहिले होते, हे मला बऱ्याच उशिरा कळले. पर्यायी शेवट हा चित्रपटांच्या डीव्हीडींमधला आणि व्हिडिओ गेममधला अलीकडचा खेळ आहे, असा तोवर माझा समज होता.

नाटक डिसेंबर १८७९मध्ये कोपनहेगनला रंगभूमीवर आले. जर्मनीत नोराची भूमिका करायची होती हेडविग निमन-राबे या नामवंत अभिनेत्रीला, आणि तिने तो शेवट करण्यास साफ नकार दिला. मी माझ्या मुलांना सोडून कधीच जाणार नाही, असे तिचे म्हणणे होते. त्या काळी स्कँडिनेव्हियन लेखकांच्या हक्कांना जर्मनीत कायद्याचे संरक्षण नव्हते. इब्सेनने नाही म्हटले असते, तर एखाद्या अनुवादकाने किंवा नाटकमंडळीच्या चालकाने मनाला येईल तसा शेवट जोडून प्रयोग लावला असता. परक्याच्या हातून व्हायची ती मोडतोड आपल्याच हाताने झालेली बरी, असा हिशेब करून त्याने काही ओळी लिहून दिल्या. त्यांत नवरा हेल्मर नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी ओढत नेतो, आत झोपलेल्या मुलांची आठवण करून देतो, आणि हे आपण स्वतःविरुद्ध पाप करत आहोत असे म्हणत ती तिथेच खाली कोसळते. पडदा. फेब्रुवारी १८८०मध्ये एका डॅनिश वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात इब्सेनने स्वतःच्याच या ओळींना रानटी अत्याचार ठरवले.

या ओळी मनात ठेवून मी नाटक पुन्हा वाचले, तेव्हा नवा शेवट जिथे जोडला तो सांधा मला दिसला. पहिल्या अंकात हेल्मर सहज बोलून जातो, की तरुणपणी वाममार्गाला लागलेल्या बहुतेकांच्या आया खोटारड्या असतात. त्या वाक्याने नोरा आतून हादरते आणि मुलांना जवळ घेण्याचीही तिला भीती वाटू लागते. तिसऱ्या अंकात ती जाते, त्यामागे मुले वाढवण्याची आपली योग्यता नाही, ही तिची खात्रीही आहे. म्हणजे मूळ नाटकात मुले हे तिच्या जाण्याचे एक कारण आहे, आणि बदललेल्या शेवटात नेमके तेच कारण तिला अडवण्यासाठी वापरले आहे. शेवट निराळा झाला. पण त्याच्याकडे येणारी वाट जुनीच राहिली, आणि ती वाट त्या दाराशी थांबण्यासाठी आखलेलीच नव्हती.

आपल्याकडचे याचे सर्वांत ठळक उदाहरण अर्थात ‘शोले’. चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला, म्हणजे आणीबाणी लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. रमेश सिप्पींनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो, हे सेन्सॉरला मान्य होणे शक्यच नव्हते, आणि मग ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात, असा शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. आमच्या वाड्यात भाड्याच्या व्हीसीआरवर ‘शोले’ लागायचा, तेव्हा या प्रसंगाला हमखास हशा पिकायचा. इतका वेळ हे पोलीस कुठे होते, असा प्रश्न कोणीतरी विचारायचेच. सांधा ओळखायला मूळ शेवट पाहिलेला असावाच लागतो असे नाही, हे त्या हशाने मला शिकवले होते, फक्त तेव्हा ते कळले नव्हते.

मूळ शेवट मी कितीतरी वर्षांनी पाहिला. त्यातला रक्तपात मला विशेष वाटला नाही. लक्षात राहिला तो त्यानंतरचा ठाकूर. सूड पुरा झाल्यावर तो ढसाढसा रडतो. इतकी वर्षे ज्या एका गोष्टीसाठी जगलो ती संपली, आता उरले काय, हे संजीव कुमारांच्या चेहऱ्यावर दिसते. सुडाचे उदात्तीकरण नको म्हणून हा शेवट कापला गेला, आणि त्याबरोबर सुडाची पोकळी दाखवणारे तेवढे एकच दृश्यही गेले. तरीही, गंमत अशी की मला हा मूळ शेवट आजही ‘पर्यायी’ वाटतो. २०२५मध्ये जीर्णोद्धार केलेली प्रत इटलीतल्या बोलोन्याच्या चित्रपट महोत्सवात मूळ शेवटासह दाखवली गेल्याची बातमी वाचून आनंद झाला खरा. पण माझ्या डोक्यातला गब्बर अजून तुरुंगातच आहे. जो शेवट आधी पाहिला, तो बसतो तो बसतोच.

इंग्रज कादंबरीकार जॉन फाउल्सचे मत याच्या नेमके उलट होते. १९६९च्या ‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन’ या कादंबरीत लेखक स्वतःच रेल्वेच्या डब्यात नायकासमोर येऊन बसतो आणि दोन शेवटांपैकी कोणता आधी सांगावा, हे नाणे उडवून ठरवतो. त्याची अडचण अशी, की जो शेवट नंतर येईल तोच वाचक खरा मानणार. शेवटच्या प्रकरणाची हुकूमतच तशी असते. नाणेफेक होते, साठाव्या प्रकरणात नायक चार्ल्स आणि नायिका सारा यांचे मीलन होते, आणि एकसष्टाव्याच्या सुरुवातीला एक गृहस्थ खिशातले घड्याळ काढून पंधरा मिनिटे मागे करतो. मग तीच भेट पुन्हा घडते आणि दोघे कायमचे दुरावतात. युक्ती फार देखणी आहे. पण कादंबरी मिटल्यावर मला दुसराच शेवट आठवतो, म्हणजे नाण्यापेक्षा फाउल्सची भीतीच खरी ठरली.

फाझिल यांच्या ‘हरिकृष्णन्स’ या १९९८च्या मल्याळम चित्रपटात ही सगळी चिंता बाजूला ठेवली होती. मम्मुट्टी आणि मोहनलाल या दोघांपैकी जुही चावलाचा जिवलग कोण, याचे उत्तर वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रिंटमध्ये वेगवेगळे होते. हे दोन्हीकडच्या चाहत्यांना खूश ठेवण्याचे व्यवहारज्ञान झाले, त्यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

प्रेक्षकाच्या हातीच निवड देण्याचा प्रयोग त्याच्याही बराच आधीचा आहे. १९६७च्या मॉन्ट्रियल प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात राडूझ चिंचेरा यांचा ‘किनोऑटोमाट’ दाखवला जाई. खुर्चीला लाल आणि हिरवे बटण असे, चित्रपट मध्येच थांबे, सूत्रधार मंचावर येऊन पुढे काय व्हावे हे विचारी आणि बहुमताने कथा पुढे सरके. प्रत्यक्षात दोन्ही फाटे पुढच्या थांब्यापाशी पुन्हा एकत्र येत असत, त्यामुळे काहीही निवडले तरी शेवटी इमारतीला आग लागायची ती लागतच असे. लोकशाहीवरचा तो खवचट विनोद होता. अलीकडच्या अनेक ‘तुम्हीच ठरवा’ छापाच्या चित्रपटांत तोच सापळा असतो, फक्त विनोद नसतो.

ज्या खेळाने मला या विषयाकडे ओढले, त्यात बटण नाहीच. ‘सायलेंट हिल २’ हा कोनामीचा २००१चा गेम. जेम्स संडरलँडला तीन वर्षांपूर्वी वारलेल्या बायकोचे पत्र येते आणि तो तिला शोधत धुक्यात बुडालेल्या गावात येतो. खेळाला अनेक शेवट आहेत, पण ‘हा हवा की तो’ असे कुठेही विचारले जात नाही. तुम्ही कसे वागता, याची नोंद गेम मुकाट्याने करत असतो. जखमी झाल्यावर लगेच औषध घेता, की तसेच रक्तबंबाळ फिरत राहता? सामानातला बायकोचा फोटो काढून पाहता का? अँजेला नावाच्या मुलीकडून आलेला सुरा पुन्हा पुन्हा न्याहाळता का? औषध काटकसरीने वापरणे ही माझी जुनी खोड, आणि तो सुरा काहीतरी कोड्याचा भाग असेल म्हणून मी चार-पाच वेळा उघडून पाहिला होता. माझ्या जेम्सने अखेरीस गाडी तळ्यात घातली. या माणसाला जगायचे नाही, असा अर्थ गेमने माझ्या चिकटपणातून काढला होता, आणि मागे वळून पाहता तो मला नाकारता येईना. इथे सांधा नव्हता, कारण शेवट पहिल्या तासापासून विणला जात होता.

दुसऱ्या खेपेस मी मार्गदर्शिका समोर ठेवून खेळले. खरचटले तरी औषध घेतले, बायकोचा फोटो ठरावीक अंतराने उघडला, सुऱ्याला हात लावला नाही. जेम्स गावात भेटलेल्या छोट्या लॉराला घेऊन गावाबाहेर पडला. पण ती काळजी माझी नव्हती, यादीतली होती, आणि पडद्यावरचे ते दोघे धुक्यात नाहीसे होताना मला निमन-राबेसाठी लिहिलेल्या त्या ओळी आठवल्या.

माझ्या भाच्याचा अनुभव याहून कडू आहे. टोबी फॉक्सच्या २०१५च्या ‘अंडरटेल’मध्ये कोणालाही न मारता सर्वांशी मैत्री करून सुखान्त गाठता येतो, तसेच प्रत्येकाला ठार मारतही जाता येते. दुसरी वाट पुरी केली, की खेळ ओसाड होतो आणि जग परत हवे असल्यास बदल्यात तुमचा आत्मा मागतो. दिला, तर पुढे कितीही सज्जनपणे खेळा, सुखान्ताच्या शेवटच्या क्षणी काहीतरी नासलेले दिसते. भाच्याने केवळ कुतूहलापोटी हे सगळे केले आणि मग पस्तावला. इंटरनेटवर शोधून त्याने संगणकातल्या त्या दोन फाइली हुडकल्या, ज्यांत खेळ ही आठवण जपून ठेवतो, आणि पुसून टाकल्या. मग नव्याने, अगदी नीट खेळून त्याने निर्मळ सुखान्त मिळवला. मी विचारले, कसे वाटले? तो म्हणाला, “मावशी, गेम विसरला गं.” आणि दुसरे काहीतरी खेळायला बसला.