मान घासणं मी बंद केलं

दोन वर्षं मी माझ्या लेकीची मान घासत होते. बेसन, दही, लिंबू, कधी मसुरीचं पीठ. ती म्हणायची, "आई, आग होतेय गं," आणि मी म्हणायचे, नीट अंघोळ करत नाहीस म्हणून मळ बसलाय. डिसेंबरात डॉक्टरबाईंनी तिची वेणी बाजूला केली, मान पाहिली, काख पाहिली आणि म्हणाल्या, "हा मळ नाही. रक्तात इन्सुलिन खूप वाढलं की कातडी अशी जाड आणि काळी होते." लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच तिची माफी मागितली.

वय १४, वजन ७१ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर. उपाशीपोटी साखर ९२, म्हणजे अगदी नॉर्मल. आदल्या वर्षीही साखर नॉर्मल होती, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. या वेळी रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिनही तपासलं, ते २८ निघालं. शरीर इन्सुलिनला किती कमी जुमानतंय हे कळायला या दोन आकड्यांचा गुणाकार करून ४०५ नं भागतात. तिचं उत्तर आलं ६.४ आणि ते बरंच जास्त होतं. साखर नॉर्मल दिसत होती, कारण स्वादुपिंड जादा राबून, जादा इन्सुलिन बनवून ती तशी ठेवत होतं. वयात येताना सगळ्याच मुलांचं शरीर इन्सुलिनला थोडं कमी जुमानतं आणि पुढे ते सावरतं. हिच्या बाबतीत त्यावर पोटाच्या चरबीची भर पडली होती, शिवाय सासूबाईंना मधुमेह.

व्यायाम आम्ही आधीही करून पाहिला होता. रोज संध्याकाळी तासभर पुण्यातल्या सारसबागेभोवती चालायचं. बाराव्या दिवशी तिच्या वर्गातल्या मुली भेटल्या, तेराव्या दिवशी ती आलीच नाही. मी त्याला आळस म्हटलं. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "खेळणारी मुलं एका चालीनं तासभर चालताना कधी पाहिलीत का? ती पळतात, थांबतात, पुन्हा पळतात." त्यांनी तिचं बीपी, हृदय, गुडघे तपासले आणि मग सांगितलं: एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू. जोरात म्हणजे इतकं, की दोन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये.

आम्ही दत्तवाडीत राहतो, त्यामुळे जागा शोधावी लागली नाही. पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या. आधी पायथ्याशी पाच मिनिटं साधं चालणं, मग मी मोबाइलवर वेळ लावायचे. मिनिटभर ती झपाझप चढायची, मग थांबून, श्वास घेत, सावकाश उतरायची. पहिल्या दिवशी चार फेऱ्या झाल्या आणि चौथीला ती रडली. मला वाटलं, हेही संपलं. पण घरी जाताना ती म्हणाली, "एक मिनिट सहन होतं गं. तास नाही होत." मला तिचं हे वाक्य कोणत्याही रिपोर्टपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. रोज का नाही, हे मी विचारलं होतं. स्नायू जोरात काम करतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत ओढून घेतो आणि त्यानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनचं जास्त ऐकतो. म्हणून दिवसाआड. बाकीच्या दिवशी सायकल, नाहीतर गच्चीवर बॅडमिंटन. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचा २००९ सालचा एक अभ्यासही मी वाचला. वजन जास्त असलेली ५४ मुलं, वय साधारण १४. एका गटानं आठवड्यातून दोनदा चार-चार मिनिटांच्या चार जोरदार फेऱ्या केल्या, मध्ये तीन-तीन मिनिटं हळू. दुसऱ्या गटाला व्यायाम, आहार आणि मानसिक आधार असं सगळं मिळालं. दम (म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते) आणि साखर-इन्सुलिन पहिल्या गटात जास्त सुधारलं. तीही मुलं चढावरच चालत-पळत होती, ट्रेडमिल तिरका लावून. हे लेकीला सांगितलं तेव्हा ती खूश झाली.

एप्रिलपर्यंत ती आठ फेऱ्यांवर आली. वजन ७० किलो, म्हणजे चार महिन्यांत फक्त एक किलो उतरलं. नातेवाइकांनी तेवढंच विचारलं आणि मला त्यांचा राग आला. कंबर ८९ झाली होती. इन्सुलिन १७. भागाकार ३.८. अजून हवा तिथे नाही, पण वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही. घरातल्या मोठ्यांनो, कृपा करून मुलांना रोज काट्यावर उभं करू नका. (खाण्यातही बदल केले, कोल्ड्रिंक आणि बिस्किटं बंद झाली. त्याबद्दल वेगळं लिहीन.)

पावसात पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून जूनपासून आम्ही बिल्डिंगचा जिना धरलाय. चार मजले. मान अजून काळसर आहे, थोडी फिकट झालीय. आता मी तिला फक्त तेल लावते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सात वाजता दार उघडून खुर्ची टाकून बसतात आणि ती समोरून गेली की विचारतात, "कितवी गं?" तिला उत्तर देता येत नाही, धाप लागलेली असते. ती बोटं दाखवते.