प्लेज म्हटली नाही तर शाळेतून काढतात का?

इथे अमेरिकेत शाळेत रोज सकाळी प्लेज होते, आपल्या प्रतिज्ञेसारखीच, फक्त झेंड्याकडे तोंड करून आणि हात छातीवर ठेवून. आमची लेक दुसरीत आहे, पासपोर्ट इंडियन, व्हिसा एच-फोर (इथे नोकरीला आलेल्याच्या कुटुंबाला मिळतो तो), तरी सगळ्यांबरोबर खणखणीत आवाजात म्हणते. आईने फोनवर विचारलं, अगं ती तिथली नागरिक नाही ना, मग नाही म्हटलं तर काढतील का गं शाळेतून?

नाही काढणार. सरकारी शाळेला तसं करताच येत नाही, मूल नागरिक असो नसो. पण हा हक्क काही सुखासुखी मिळालेला नाहीये.

१९४० साली इथल्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला होता की शाळा झेंड्याला सलाम सक्तीचा करू शकते. जेहोवाज विटनेस पंथाचे लोक देव सोडून कशालाच सलाम करत नाहीत, त्यांची पोरं शाळेबाहेर गेली, आणि लोकांना तर रानच मोकळं मिळालं, ठिकठिकाणी मारहाण झाली, मेन राज्यात केनेबंकला त्यांचं प्रार्थनागृह जाळलं. पुढे वेस्ट व्हर्जिनियाने मेरी आणि गॅथी बार्नेट ह्या दोन बहिणींना ह्याच कारणावरून काढलं, केस परत वर गेली, आणि १४ जून १९४३ ला, ऐन महायुद्धात, तेही नेमकं फ्लॅग डेला, म्हणजे इथल्या झेंडा दिनाला, कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने स्वतःचाच निकाल फिरवला! (कोर्टाच्या कागदात त्यांचं आडनाव चुकीचं पडलं, केस आजही त्याच चुकीच्या स्पेलिंगने ओळखतात.) निकाल लिहिणारे जस्टिस जॅक्सन, जे नंतर न्युरेम्बर्गच्या खटल्यात नाझींविरुद्ध वकील म्हणून उभे राहिले. मला भारी वाटतं ते हे की त्यांनी धर्माला सूट द्या वगैरे म्हटलंच नाही, सरळ सांगितलं की सरकार कोणाच्याच तोंडून निष्ठा वदवून घेऊ शकत नाही. म्हणजे नास्तिकालाही हक्क, नुसता कंटाळा आलेल्यालाही.

आपल्याकडेही केरळात १९८५ ला तीन भावंडांना काढलं होतं, ह्याच पंथाची, जन गण मनला उभी राहायची पण गायची नाहीत. १९८६ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि निकालात ह्या अमेरिकन केसचा दाखला आहे.

प्रायव्हेट शाळेला मात्र हे लागू नाही, कारण राज्यघटना सरकारचे हात बांधते, खासगी संस्थेचे नाही. आणि टेक्सास, फ्लोरिडात प्लेज टाळायला पालकांची चिठ्ठी लागते. फ्लोरिडाची ही अट २००८ मध्ये अपील कोर्टाने चालवून घेतली, म्हणे आईबापांनाही मुलाबद्दल ठरवायचा हक्क आहे. मला हे अजिबात पटत नाही. बार्नेट बहिणी घरच्यांच्याच पंथाच्या होत्या, त्यांना चिठ्ठी सहज मिळाली असती, पण ज्या पोराचं घरच्यांशीच पटत नाही त्याने काय करायचं?