तीस डॉलरमध्ये विंडोज सेव्हन: ३२ बिट व्हिस्टावरून ६४ बिटवर जाण्याचा माझा अनुभव

अमेरिकेत शिकायला आलेल्या आणि डॉट ईडीयू (अमेरिकन कॉलेजचा) ईमेल असलेल्या सगळ्यांसाठी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज सेव्हनवर एक ऑफर होती, ती ३ जानेवारी २०१० पर्यंतच होती, आणि खरेदी पाच मिनिटांची असली तरी पुढचं इन्स्टॉलचं काम सगळ्यांनाच सरळ जाईल असं नव्हतं. विंडोज सेव्हन २२ ऑक्टोबर २००९ ला बाजारात आलं. दुकानात त्याच्या होम प्रीमियम या आवृत्तीचं अपग्रेड ११९.९९ डॉलरला होतं आणि प्रोफेशनल या आवृत्तीचं १९९.९९ ला, पण विद्यार्थ्यांना यातलं कुठलंही एक २९.९९ ला मिळत होतं. म्हणजे तेव्हाचे आपले साधारण चौदाशे रुपये. असिस्टंटशिपच्या पैशातून भाडं, ग्रोसरी आणि फोनचं बिल भागवणाऱ्या माणसाला दोनशे डॉलर जमणारच नाहीत, तीस जमतात.

मला हे घ्यायचंच होतं. एक तर माझ्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम आहे पण त्यावर आलेलं व्हिस्टा (सेव्हनच्या आधीचं विंडोज) होम प्रीमियम ३२ बिटचं, म्हणजे कमी मेमरी हाताळू शकणाऱ्या प्रकारचं, त्यामुळे ते ३ जीबीच्या आसपासच दाखवायचं, वरची रॅम पैसे देऊन घेतलेली असूनही वापरता येत नव्हती. त्यात ३२ बिटमध्ये एका प्रोग्रामला साधारणपणे २ जीबीच मिळते. माझं काम इमेज प्रोसेसिंगचं आहे, मॅटलॅब या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी मॅट्रिक्स लोड केली की आउट ऑफ मेमरी, मग डेटाचे तुकडे करा, एकेक चालवा, परत जोडा. लॅबमधल्या मशिनवर हेच काम एका दमात व्हायचं, म्हणून रात्री-अपरात्री थंडीत लॅबला जावं लागायचं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सांगलीला आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला तो असेंबल केलेला, आणि तो जोडून देणाऱ्या दादांनी त्यांच्याकडची विंडोज एक्सपीची (व्हिस्टाच्याही आधीची) सीडी टाकून दिली होती. सगळ्यांच्याच घरी तसं होतं, बिल मागायचं असतं हेही कोणाला माहीत नव्हतं. अपडेट चालू करायचे नाहीत अशी सक्त ताकीद असायची, मग व्हायरस, मग फॉरमॅट, आणि फॉरमॅटमध्ये बाबांनी मेहनतीने टाइप केलेली सोसायटीची कागदपत्रं दोनदा गेली. इतकी वर्षं विंडोज वापरून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पैशाने घेतलेली प्रॉडक्ट की (विंडोज विकत घेतल्यावर मिळणारा कोड) माझ्याकडे कधीच नव्हती. ती असावी असं मनापासून वाटत होतं.

खरेदीचं थोडक्यात सांगते. ऑफरच्या पानावर युनिव्हर्सिटीचा ईमेल टाकायचा, त्या ईमेलवर लिंक यायची, तिच्यावरून पुढे जाऊन डेबिट कार्डाने पैसे भरायचे. आमच्या राज्यात वर टॅक्स लागला. पैसे भरले की २५ अक्षरांची प्रॉडक्ट की आणि डाउनलोडची लिंक मिळायची. की लगेच कागदावर लिहून ठेवा आणि स्वतःला मेलही करा, आणि लिहिताना ८ आणि बी नीट ओळखू येतील असं लिहा. जास्तीचे पैसे देऊन डीव्हीडी मागवायची सोय पण होती. ज्यांना ३२ वरून ६४ बिटवर जायचं होतं त्यांनी, परवडत असेल तर, ती मागवणंच बरं होतं, पुढची माझी अर्धी कथा त्यांना लागलीच नसती.

होम प्रीमियम की प्रोफेशनल, यावर आमच्या अपार्टमेंटमध्ये बरीच चर्चा झाली. किंमत एकच असल्यावर सगळे डोळे झाकून प्रोफेशनल घेतात, पण एक बघा. व्हिस्टा होम प्रीमियमवरून सेव्हन होम प्रीमियमवर गेलात, आणि बिटही तेच ठेवले, तर तुमचे प्रोग्राम आणि सेटिंग जागच्या जागी राहतात, फक्त व्हिस्टावर निदान सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टचं एकत्रित अपडेट) हवा. होम प्रीमियमवरून प्रोफेशनलवर मात्र असं जाता येत नाही, कस्टम इन्स्टॉलच करावं लागतं, म्हणजे सगळे प्रोग्राम नव्याने टाका. एक्सपीवाल्यांना तर कुठल्याही एडिशनसाठी कस्टमच. मला ६४ बिटवर जायचं असल्यामुळे कस्टम अटळ होतं, मग प्रोफेशनल घेतलं. त्यात रिमोट डेस्कटॉपने लॅबमधून घरच्या मशिनवर लॉगइन करता येतं, आणि एक्सपी मोड मिळायचा, ज्यात जुनी सॉफ्टवेअरं चालायची. तेव्हा एक्सपी मोडला प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशन (एका मशिनच्या आत दुसरं मशिन चालवायची सोय) लागायचं आणि सगळ्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरमध्ये ते नव्हतं, म्हणून आधी आपला मॉडेल नंबर तपासावा लागायचा.

आता डाउनलोड. मला वाटलं होतं एक आयएसओ फाइल (अख्ख्या डीव्हीडीची एकच फाइल) येईल, ती डीव्हीडीवर बर्न करायची, झालं. तसं नव्हतं. आल्या तीन फाइली, एक छोटी ईएक्सई (चालवायची फाइल) आणि दोन मोठ्या, ज्यांचं एक्स्टेन्शन बॉक्स असं होतं. तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवून ईएक्सई चालवायची, मग ती बॉक्स फाइली उलगडून एक्सपांडेडसेटअप नावाचा फोल्डर बनवते आणि त्यातला सेटअप आपोआप सुरू होतो. कागदावर छान आहे. माझ्याकडे उलगडण्याचा पट्टा शेवटपर्यंत गेला आणि मग मेसेज आला, की ज्या फोल्डरमध्ये हे डाउनलोड झालंय तिथे नवीन फाइल बनवता किंवा सेव्ह करता येत नाही. डिस्कवर भरपूर जागा होती, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं, फोल्डर सी ड्राइव्हच्या मुळाशी नेला, अँटीव्हायरस बंद केला, मेसेज तोच.

खरं कारण त्या मेसेजमध्ये कुठेच नाहीये. ६४ बिटचा सेटअप ३२ बिटच्या विंडोजवर चालतच नाही, कारण ३२ बिटची विंडोज ६४ बिटचा प्रोग्राम उघडूच शकत नाही. म्हणजे फोल्डरचा, परमिशनचा, डिस्कचा काहीच दोष नाही, सगळ्या फाइली व्यवस्थित उलगडलेल्या आहेत, फक्त त्या व्हिस्टाच्या आतून सुरू करता येत नाहीत, बाहेरून म्हणजे डीव्हीडीवरून मशिन बूट (सुरू) करूनच सुरू कराव्या लागतात. हे ज्या कंपनीने डाउनलोड विकलं तिने खरेदीच्या पानावर, ६४ बिट निवडल्या निवडल्या, ठळक अक्षरात सांगायला हवं होतं. मी त्यांच्या चॅटवर विचारलं तर परत डाउनलोड करून बघा एवढंच उत्तर. विद्यार्थ्यांना स्वस्तात दिलंय हे मान्य, पण विद्यार्थ्यांकडेच जुने ३२ बिटचे लॅपटॉप सगळ्यात जास्त असणार ना.

मग उपाय. एक्सपांडेडसेटअप फोल्डरवरून आपणच बूट होणारी आयएसओ बनवायची. नुसत्या फाइली डीव्हीडीवर ओढून बर्न केल्या तर ती डीव्हीडी बूट होत नाही, हे लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टचं एक यूएसबी-डीव्हीडी टूल होतं, पण त्यालाही आधी आयएसओच लागते, आणि त्यात जीपीएल लायसन्सचा (मुक्त सॉफ्टवेअरचा) कोड सापडल्यामुळे नोव्हेंबर २००९ मध्ये ते साइटवरून काढून घेतलं होतं. त्यामुळे कमांड लाइन, म्हणजे काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची. मायक्रोसॉफ्टच्याच ऑटोमेटेड इन्स्टॉलेशन किटमध्ये ओएससीडीआयएमजी नावाचं छोटं टूल मिळायचं, ते ३२ बिटच्या व्हिस्टावर चालतं. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: बूट करायची फाइल कुठे आहे, कुठला फोल्डर घ्यायचा, आणि तयार झालेली आयएसओ कुठे ठेवायची. बूटची फाइल एक्सपांडेडसेटअपच्या आत बूट नावाच्या फोल्डरमध्ये असते, ईटीएफएसबूट डॉट कॉम. तिच्यासाठी जो बी स्विच (कमांडला जोडायचा पर्याय) आहे त्याच्यापुढे स्पेस सोडायची नाही, बी ला चिकटूनच पूर्ण पाथ (फाइलचा पत्ता) लिहायचा, नाहीतर टूल बूट फाइल घेतच नाही. बरोबर यू२ आणि एम हे स्विच द्या, पहिल्याने मोठ्या फाइली चालणारी यूडीएफ फाइल सिस्टिम मिळते आणि दुसऱ्याने सीडीच्या साइजची मर्यादा आड येत नाही. पाथमध्ये स्पेस असलेली फोल्डरची नावं टाळा, मी सरळ सी ड्राइव्हवर विन७ नावाचा फोल्डर केला होता. काळ्या खिडकीत टक्के सरकत सरकत शंभरवर गेले तेव्हा इतकं हायसं वाटलं!

आयएसओ इम्गबर्न या सॉफ्टवेअरने साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर बर्न केली, मुद्दाम कमी स्पीडला, आणि शेवटी व्हेरिफाय करून घेतली.

डीव्हीडी टाकायच्या आधी एक तयारी मात्र करा. फोटो, थिसिसचा डेटा, ब्राउझरचे बुकमार्क हे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या हे काही वेगळं सांगायला नको, पण लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाचे ६४ बिटचे ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारी सॉफ्टवेअरं) पण पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, वायरलेस आणि वायरचे दोन्ही. नेट चालू झालं की बाकीचे बरेच ड्रायव्हर विंडोज अपडेट स्वतः आणतं, नेटच नसेल तर आपण हात बांधून बसतो. आणि ३२ बिटचे ड्रायव्हर ६४ बिटवर चालत नाहीत. आमच्या रूमवर सीनियरने देऊन गेलेला जुना प्रिंटर आहे, त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर निघालाच नाहीये, तेव्हा प्रिंटिंग आता रूममेटच्या मशिनवरून.

डीव्हीडीवरून बूट केल्यावर अपग्रेड आणि कस्टम असे दोन पर्याय येतात, कस्टम घ्यायचं. मग पार्टिशन (डिस्कचा भाग) निवडायचं आणि इथे सगळ्यात महत्त्वाचं, फॉरमॅट करू नका. आपली की अपग्रेडची आहे. डिस्क पूर्ण पुसून रिकाम्या डिस्कवर टाकलं तर अॅक्टिव्हेशनच्या वेळी ०xसी००४एफ०६१ हा एरर येऊ शकतो, अर्थ असा की ही की फक्त अपग्रेडसाठी आहे, क्लीन इन्स्टॉलसाठी नाही. जुनं व्हिस्टा आहे त्याच पार्टिशनवर फॉरमॅट न करता टाकलं तर सेटअप सांगतो की जुन्या फाइली विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये हलवतोय, त्याला ओके म्हणायचं. तुमच्या जुन्या डॉक्युमेंट्सही त्यातच सापडतात. सगळं जमलं की तो फोल्डर डिस्क क्लीनअपमधून काढता येतो, मी अजून ठेवलाय.

पुढे मशिन आपलं आपण रिस्टार्ट होत राहतं, मध्ये काही विचारत नाही. मग युजरचं नाव, कॉम्प्युटरचं नाव, आणि मग कीची चौकट. माझी रूममेट एकेक अक्षर मोठ्याने वाचत होती आणि मी टाइप करत होते. नेक्स्ट दाबलं, घेतली. नेट जोडल्यावर सिस्टिम प्रॉपर्टीज उघडलं तर खाली लिहिलेलं, विंडोज इज अॅक्टिव्हेटेड, आणि वर रॅम ४ जीबी, सिस्टिम टाइप ६४ बिट. मी त्या खिडकीचा स्क्रीनशॉट काढून बाबांना पाठवला. ते म्हणाले, "म्हणजे आता अपडेट चालू ठेवायचे ना गं?" म्हटलं हो बाबा, सगळे.

मॅटलॅब ६४ बिटचं टाकलंय. जो डेटा चार तुकड्यांत चालवावा लागायचा तो आता एकत्र लोड होतो. व्हिस्टापेक्षा हे लवकर सुरू होतं असं मला वाटतं, निदान डेस्कटॉप दिसल्यावर डिस्कचा दिवा तेवढा वेळ लुकलुकत बसत नाही. आणि मराठीवाल्यांसाठी एक खुशखबर, मंगलच्या जोडीला आता कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे देवनागरी फॉन्ट विंडोज सेव्हनबरोबरच येतात. आईला पत्र कोकिळामध्ये लिहिलं, मंगलपेक्षा कितीतरी छापील आणि देखणं दिसतं, फक्त अक्षर थोडं बारीक येतं म्हणून साइज वाढवावा लागतो. कीबोर्डसाठी रीजन अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी जोडलं की झालं. एक्सपीसारखं कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी (देवनागरीसारख्या लिपींसाठी) परत सीडी शोधावी लागत नाही.

रूममेटचं मशिन एक्सपीवर होतं, १ जीबी रॅम. तिच्यासाठी ३२ बिटचं होम प्रीमियम घ्यायचं ठरवलं, त्याला १ जीबी पुरते, ६४ बिटला निदान २ लागते. फायनल परीक्षा संपल्या की तिचं करायचं ठरलं, तोवर तिने बॅकअपसाठी डिस्क मागवली होती. तुमच्यापैकी कोणी आयएसओ बनवताना अडकलं तर कमांड देताना नेमका काय मेसेज आला तो जसाच्या तसा लिहून पाठवा, मी बघते.