तांबडा रस्सा शिवणीतनं गळाला तेव्हा कळलं

कोल्हापूरजवळ एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, दोन मशीन, कागदी वाट्या आणि कप काढतो. गिऱ्हाईक बहुतेक खानावळी, म्हणजे तांबडा-पांढरा पार्सल. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिक कोटिंगवाल्या कागदी प्लेट-कपांवर बंदी आली आणि आमचा सगळा माल त्यातच बसला, कारण कागदाला आतनं पीईचा, म्हणजे पॉलिथिन प्लॅस्टिकचा, पातळ थर असतोच, त्याशिवाय रस्सा धरणार कसा. पुढं कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, मालाला वाट मिळाली, पण सर्टिफिकेटसकट. मग लागलो त्याच्या मागं.

सप्लायरकडनं पीएलए, म्हणजे कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या, कोटिंगचे दोन रोल मागवले. हातात घेतलं तर पीईच्या कागदात आणि ह्यात काही फरक कळत नाही, म्हणून ऑपरेटरनं जुन्याच सेटिंगवर मशीन सोडली आणि वाट्या दिसायला एकदम झकास आल्या. घरनं उकळता तांबडा आणला, भरला, खाली पेपर अंथरला आणि चहा प्यायला गेलो. परत येतोय तर पेपरवर लाल डाग, बुडातनं नाही, उभ्या शिवणीतनं. ऑपरेटरनं शिवण ओढून बघितली तर सरळ अलगद सुटली. नीट बसलेली शिवण ओढली की कागदाचे तंतू फाटून येतात, ही पाकिटासारखी उघडली. शिवण आतला थर वितळवूनच चिकटते; पीई ११० डिग्रीच्या आसपास वितळतं, पीएलएला १५०च्या वर लागतं, हे आम्हाला कोण सांगणार! हीट वाढवली तर कडा करपल्या, मग स्पीड कमी केला, मग गरम हवा जरा लांबनं मारली, असं करत करत पावणेदोन रोल भंगारात गेले तेव्हा कुठं तंतू फाटायला लागले. मिनिटाला साठ निघायच्या त्या आता पंचेचाळीस निघतात. वाटी महाग पडते त्यातलं निम्मं कारण हे आहे, पण खानावळवाल्याला वाटतं आम्हीच लुटतोय.

मधे एकानं पाण्यातलं कोटिंग सुचवलं, डिस्पर्शन म्हणतात त्याला. स्वस्त होतं, पण वाटीचा काठ वळवला की तिथं बारीक चिरा पडायच्या, तेल बरोबर तिथनंच शिरायचं. नाद सोडला.

खरी कटकट कागदपत्रांची. सप्लायरनं आधीच एक पीडीएफ पाठवला होता, मी खूश. कन्सल्टंटनं वाचून दाखवलं की हे दाण्याचं, म्हणजे कोटिंगच्या कच्च्या प्लॅस्टिकचं सर्टिफिकेट आहे, तुमच्या वाटीचं नाही, थराची जाडी पण वेगळी. कंपोस्टेबल प्लॅस्टिकचा माल बाजारात आणायच्या आधी बनवणाऱ्याला सीपीसीबीचं, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, सर्टिफिकेट लागतं, आणि त्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ ह्या मानकाची टेस्ट. त्यात १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला पाहिजे, शिवाय १२ आठवड्यांनी माल २ मिलिमीटरच्या चाळणीतनं चाळतात, वर दहा टक्क्यांपेक्षा जास्त उरलं की नापास. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी सहा महिने नुसती वाट बघायची, आणि मशीनचा हप्ता काय तोपर्यंत थांबत नाही. जॉब वर्क करून दिवस काढले.

त्या रिकाम्या काळात मीच शेडमागं खड्डा खणून चार वाट्या पुरल्या. तीन महिन्यांनी उकरलं तर कागद गायब आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर तसाच. पोटात गोळा आला. सप्लायरला फोन लावला तर तो हसला, म्हणे खड्ड्यात कुठनं येणार टेस्टमधली ५८ डिग्री, तेवढी ऊब मोठ्या कंपोस्ट प्लांटमध्येच धरतात. लॅबमध्ये वाटी पास झाली पुढं. पण बॉक्सवर ‘मातीत विरघळते’ छापायचं ठरवलं होतं ते काढलं, ‘औद्योगिक कंपोस्टिंगसाठी’ असं टाकलं.

पहिला लॉट दिला त्या खानावळवाल्या मामांनी बॉक्स वाचला आणि विचारलं, “मग हे टाकायचं कुठं?” मी म्हटलं ओल्या कचऱ्यात. म्हणाले, “घंटागाडीवाला कागद बघून सुक्यात टाकतोय, त्याला तूच सांग.”