डॉल्फिनच्या जवळ का नेलं नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

मालवणहून सोलापूरला येताना गाडीत, मग गड्ड्याच्या जत्रेत, परवा तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच. "ताई, डॉल्फिन समोर होते, होडीला इंजिन होतं, मग जवळ का नेलं नाही?" रात्रभर प्रवास करून आला होतात, हळहळ वाटणारच. पण मी मुद्दाम आडमुठेपणा केला असं म्हणता, ते लागतं. म्हणून एकदाच सांगते.

सात वर्षांपूर्वी असाच शांत दिवस होता. पहाटेच्या मतलईवर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यावर, शीड उभारून दांडीच्या किनाऱ्यावरून निघालो, सिंधुदुर्ग किल्ला मागे पडला. दहाच्या सुमाराला मतलई पडली आणि समुद्राकडून येणारं खारं वारं अजून सुटायचं होतं. शाळेत दोन्ही वारे पाठ केले होते, मधली ही वेळ कुणी शिकवली नव्हती. शीड लोंबकळलं. पाणी इतकं स्थिर, की त्यात शिडाचं ठिगळसुद्धा दिसत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, फूस्स. मग करडी पाठ, त्यावर कुबड. चार होते. त्यातलं एक पिल्लू, आईच्या कुशीला चिकटलेलं. ती वर आली की तेही वर.

मी होडीवाल्या काकांना म्हटलं, "काका, इंजिन लावा."

"ताई, रवा जरा. पिल्लू आसा वांगडा."

रवा म्हणजे थांबा, वांगडा म्हणजे सोबत, हे मला कळत होतं. तरी पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात. त्यांनी दोरी ओढली.

मोठे तिघं बुडाले ते पार किल्ल्याच्या अंगाला निघाले. पिल्लू मात्र आमच्या अलीकडे वर आलं, एकटं. बुडालं, पुन्हा तिथंच वर. डोक्यावरच्या नाकपुडीची उघडझाप दिसत होती, इतकं जवळ. काकांनी इंजिन बंद केलं. माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही थांबून राहिलो. मग खारं वारं सुटलं, पाणी खवळलं आणि काहीच ओळखू येईना. आई परत आली का, मला माहीत नाही.

डॉल्फिन एकमेकांना आवाजावर शोधतात. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगानं जातो, इंजिनाचाही. तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागातली माणसं, मागाच्या खडखडाटात वाढलेली. शेडमध्ये आईला हाक मारलीय ना कधी? ऐकूच जायची नाही, दारात उभं राहून हात हलवावा लागायचा. त्या पिल्लानं काय हलवायचं?

तिथं 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. तेव्हाची मी म्हणायची, एका होडीनं काय होतंय? आज तिच्याशी भांडायला जाते आणि अडखळते. कदाचित पाच मिनिटांत आई भेटलीही असेल. आणि मी ते जवळून पाहिलं नसतं, तर तुम्हाला अडवलं असतं का? तुमच्या पोरांनाही जवळून दिसायला हवं होतं, हे मला पटतं. तरी हात इंजिनाकडे जात नाही.

येत्या डिसेंबरात पुन्हा जातेय. यायचं त्यांनी या. वारा पडला की गप्प बसायचं, आवाज आधी येतो. इंजिन लावू देणार नाही, भांडलात तरी.